पावणेचार

खाडीकडच्या टोकाला साइटस्क्रीन नव्हता.
मिठागराची जुनी गोणपाटं दोन बांबूंवर शिवून
चुना मारलेला. पाहुणे फलंदाज कुरकुरत,
चहापर्यंत सवय होई.
मी पिंपळाखाली, टेबलाचा एक पाय विटेवर,
दोन पेन्सिली, खोडरबर,
आणि पानं उडू नयेत म्हणून वहीवर आईचा अडकित्ता.
“शाळेत गणित शिकवता ना बाई, मग बसा इथं,”
एवढंच बोलून बसवलं होतं मला.
ऊठ असं नंतर कुणी म्हटलंच नाही.

धावा, बळी, षटकं, अवांतर.
हवामानाच्या रकान्यात मी दर रविवारी लिही: स्वच्छ.
भरतीला रकाना नव्हता.

भरती हिराजी नाखव्याच्या पेरांवर होती.
चेंदणीचा कोळी, नगरपालिकेच्या पगारावर माळी;
तिथीची पाऊणपट अंगठ्यानं मोजायचा,
रूळ ओढताना, विडी विझलेली.
“आज पंचमी. पावनेचारला पानी भरंल,”
तो कप्तानाला म्हणाला,
“तवा चेंडू त्या पोराचे हातान दे.”

पोरगा राबोडीचा. झुबेर मुकादम.
डावखुरा, बुटांना सुतळी, सकाळपासून एकही षटक नाही.
तीन बाद एकशेबारा. समोरचे लोक
शर्टाच्या बाह्या दुमडून जेवण पचवत होते.
आणि हवा जड झाली,
जशी ओल्या चादरीखालची असते.
पहिला चेंडू बाहेर निघाला, पुन्हा विचार केल्यासारखा
आत आला.
मधली यष्टी गोणपाटापर्यंत गेली.

आठ षटकं चार चेंडू. तीन निर्धाव.
एकोणीस धावा, सात बळी.
माझी पेन्सिल दोनदा मोडली.
एकशे एक्केचाळीस सर्वबाद लिहिलं तेव्हा
पाच वाजायला दहा मिनिटं होती
आणि मैदानात कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं, कारण
पंच कर्णिक गुडघ्यावर बसून
खेळपट्टीत घराची किल्ली खुपसत होते.

किल्ली ओली निघाली.

“जेवणाच्या सुट्टीत पाणी मारलंस?”
“मी नाय मारला.”
“मग हे?”
“खालशी आयलं.”
हसले सगळे. कप्तानही हसला, खाली बघून.
कर्णिकांनी किल्ली धोतराला पुसली.
पंधरा दिवसांनी पत्र आलं: सामना रद्द,
नोंदी बाद, माळ्याची चौकशी व्हावी.

हिराजीची बदली झाली नळखात्यात.
झुबेर मस्कतला गेला, क्रेन चालवतो म्हणे,
सातवा बळी कोणाचा होता तेही विसरला असेल.
पॅव्हेलियनच्या फळ्यावर सर्वोत्तम गोलंदाजीपुढे
दुसरंच नाव आहे, सहा बाद एक्केचाळीस;
ते रंगवलं त्या दिवशीही मीच आकडा तपासून दिला.
आकडा बरोबर होता.

मला इतकंच वाटत राहिलं, इतकी वर्षं,
की कुणीतरी ती किल्ली पुसण्याआधी
जिभेला लावायला हवी होती.
नळाचं पाणी गोडं. खाडीचं नव्हे.
मी वीस पावलांवर होते. रसायनही शिकवलं होतं मी
रजेवरच्या मास्तरांच्या जागी, दोन वर्षं.
पण बाईनं मैदानात कसं उतरायचं,
आणि बेरीज जुळवायची होती.

परवा नेरुळला नातीनं नेलं, मोठ्या स्टेडियममध्ये.
तिथं चेंडू किती वळला ते पडद्यावर अंशांत येतं,
हवेतला दमट टक्काही.
पोरं चिप्स खात होती. मी बोटांची पेरं मोजली:
सप्तमी. सव्वापाच.
नात म्हणाली, आजी, जप करतेस?

काल पंचमी नव्हती, मला माहीत आहे,
पण पुढच्या पंचमीपर्यंत कोण थांबणार या वयात.
दशमी, साडेसात, दिवे लागलेले.
मैदानावर सभेच्या मांडवाची भोकं अजून तशीच,
खाडीच्या बाजूला बावीस मजले.
पहारेकऱ्याला सांगितलं, कानातलं पडलंय.
वाकले. कंबर म्हणाली, नको.
घराची किल्ली खुपसली, जिथं गुड लेंग्थ असावी तिथं,
आणि जिभेला लावली.

खारट होती.
पण माझा हातही घामेजला होता,
आणि अशा पुराव्यावर
वहीत काही लिहिता येत नाही.
पेन्सिलीनं लिहिता येतं.